पंपावरचा बाण आणि विमानातला बल्ब

पावसाळ्यात जमिनीखालची केबल गेली, महावितरणच्या माणसांनी रात्री नवा जोड मारला, सकाळी पुरवठा सुरू झाला आणि अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यात कूलिंग टॉवरचा पंप नेहमीच्या निम्मेच पाणी देऊ लागला, तर पुढे काय घडेल हे या पट्ट्यात काम करणारा कोणीही डोळे मिटून सांगेल. आधी बारवी धरणाच्या नावाने खडे फोडले जातील. खालची टाकी काठोकाठ भरलेली असली तरी ‘वरूनच पाणी कमी आलंय’ हे वाक्य उच्चारले जाईलच. मग फूट व्हॉल्व निघेल, स्ट्रेनर धुतला जाईल, ग्लँडची दोरी बदलली जाईल. तेवढ्याने भागले नाही की कोणीतरी ‘इम्पेलर खाल्लाय’ असे निदान करील, पंप खोलला जाईल आणि इम्पेलर ठणठणीत निघाल्यावर सगळे एकमेकांकडे बघतील. संध्याकाळी कधीतरी उमगेल, की केबल जोडताना दोन फेजची अदलाबदल झाली आणि मोटर सकाळपासून उलटी फिरते आहे. सेंट्रिफ्यूगल पंपाची खोडच अशी, की उलटा फिरवला तरी तो पाणी देणे पुरते बंद करत नाही. दाब घटवून थोडे थोडे देत राहतो. त्यामुळे संशय पाण्यावर, पाइपवर, इम्पेलरवर जातो. फिरण्याच्या दिशेवर जात नाही. पंपाच्या अंगावर, रंगाच्या दोन-तीन थरांखाली, दिशा दाखवणारा बाण असतो. मोटर बंद करावी आणि पंखा थांबता थांबता कुठल्या बाजूने फिरतो ते जाळीतून पाहावे, अर्ध्या मिनिटाचे काम. शेजारच्या शेडमधला एक्झॉस्ट फॅनही त्याच सकाळपासून बाहेरची हवा आत ढकलत असतो, पण तो दुसऱ्याच्या खात्यात येतो.

यात अज्ञान कोणाचेच नाही. तीन फेजपैकी दोन बदलल्या की मोटर उलटी फिरते, हे आयटीआयमधल्या इलेक्ट्रिशियनच्या मुलालाही ठाऊक असते. एक फेज गेली की मोटर जागच्या जागी घुमते, चालू असलेली मोटर उरलेल्या दोन फेजमधून जवळजवळ पावणेदोनपट करंट ओढते आणि रिले नीट लावलेला नसेल तर वायंडिंगला पाठवावी लागते, हेही सर्वांना पाठ असते. अडते ते तपासणीच्या क्रमावर. कारखान्यात शोध कुठून सुरू करायचा हे बिघाडाने किती नुकसान केले त्यावरून ठरते. मशीन दहा मिनिटे थांबली तर फिटर फ्यूज बघतो. चार तास थांबली की तोच फिटर पीएलसीच्या कार्डावर संशय घेऊ लागतो, कारण चार तासांच्या नुकसानीला साजेसे कारणही तालेवार हवे असे आपल्या मनाने धरलेले असते. हा क्रम उलटा आहे. आधी काय तपासायचे हे तपासायला किती वेळ, किती पैसा आणि किती खोलाखोली लागते यावर ठरायला हवे, मग मशीन कितीही महागडी असो आणि मालक कितीही डोक्यावर उभा असो.

या बाबतीत विमानांचा दाखला द्यावासा वाटतो, आणि तो थोडा खोडसाळपणाने. विमानक्षेत्राइतकी काटेकोर तपासणी दुसऱ्या कुठल्या धंद्यात क्वचितच असेल. पण साध्या कारणावरून सर्वांत महाग धडे शिकण्याचा मानही त्याच धंद्याकडे जातो. २९ डिसेंबर १९७२ च्या रात्री न्यूयॉर्कहून मायामीला आलेल्या ईस्टर्न एअरलाइन्सच्या ४०१ क्रमांकाच्या विमानात पुढचे चाक उतरल्याचा हिरवा दिवा लागला नाही. चाक उतरलेले होते. दिव्याचा बल्ब गेला होता. विमान ऑटोपायलटवर दोन हजार फुटांवर ठेवून कॉकपिटमधली मंडळी त्या बल्बच्या मागे लागली. एकाने त्याचे झाकण काढले आणि ते परत बसेना, दुसरा खाली उतरून चाक डोळ्यांनी दिसते का बघायला गेला, आणि कंपनीचा देखभाल तज्ज्ञ सोबत होता तोही त्याच्या मागोमाग गेला. दरम्यान उंची धरून ठेवणारी यंत्रणा कोणाच्या तरी धक्क्याने सुटली. विमान हळूहळू खाली येत गेले, त्याची सूचना देणारा आवाजही झाला, पण तो ऐकायला कोणी मोकळे नव्हते. १७६ जणांपैकी शंभरावर माणसे एव्हरग्लेड्सच्या दलदलीत गेली. एमआयडीसीतल्या कोणत्याही पॅनेलभोवती जमलेले टोळके डोळ्यांसमोर आणा: एकजण टॉर्च धरतो, एकजण टेस्टर लावतो, दोघे सल्ला देतात आणि पलीकडे रिअ‍ॅक्टरचे तापमान कोण बघतोय, हा प्रश्न कोणाला पडत नाही. फरक इतकाच, की आपली मशीन बंद पडली तर जिथे आहे तिथेच उभी राहते. ती आकाशातून पडत नाही, म्हणून चौकशीही होत नाही, आणि पुढच्या महिन्यात तेच टोळके त्याच पॅनेलभोवती जमते.

मुंबईकरांना याहून जवळचा दाखला आहे. २० सप्टेंबर २०१८ च्या सकाळी मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानात १६६ प्रवासी होते. विमान वर चढू लागले तशी आतली हवा विरळ होत गेली, ऑक्सिजनचे मास्क खाली आले, तीसहून अधिक प्रवाशांच्या नाकाकानांतून रक्त आले आणि विमान मुंबईला परतले. केबिनमधला दाब राखणारा स्विच चालू करायचा राहून गेला होता, असे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने सांगितले. एक स्विच. इथे निभावले, सायप्रसच्या हेलिओस विमानात १४ ऑगस्ट २००५ रोजी निभावले नाही. तिथे उड्डाणापूर्वी दाबाची तपासणी करताना एक निवडस्विच ‘ऑटो’वरून ‘मॅन्युअल’वर गेला आणि तसाच राहिला. उड्डाणाआधी आणि नंतर तो पाहायच्या ठरलेल्या वेळा होत्या. त्या सगळ्या हुकल्या. वर गेल्यावर धोक्याचा भोंगा वाजला, तो दुसऱ्याच कशाचा आहे असे वैमानिकांना वाटले. रेडिओवरून जमिनीवरच्या इंजिनिअरने नेमका प्रश्न विचारला होता, की दाबाचे पॅनेल ‘ऑटो’वर आहे ना? कॅप्टनने उत्तराऐवजी उलट विचारले, की उपकरणे थंड ठेवणाऱ्या पंख्यांचे सर्किट ब्रेकर कुठे आहेत? प्राणवायू कमी पडू लागलेल्या मेंदूला दोष देण्यात अर्थ नाही. पण हा संवाद अंबरनाथमध्ये, भरपूर प्राणवायूत, रोज होतो. सर्व्हिस इंजिनिअर फोनवर विचारतो, ‘इमर्जन्सी बटण दाबलेलं राहिलं नाही ना?’ आणि इकडून उत्तर जाते, ‘साहेब, ते सोडा, ड्राइव्ह कधी पाठवताय ते सांगा.’

प्राणिसृष्टीचा वाटाही धरायला हवा. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी बर्गेनएअरचे बोइंग डॉमिनिकन रिपब्लिकच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले आणि १८९ जण गेले. त्यापूर्वी ते काही आठवडे तळावर उभे होते, आणि वेग मोजणाऱ्या पिटो नळ्यांवर झाकणे नव्हती. त्यातली एक नळी बहुधा कुंभारीण माशीने घर करून बुजवली, असा तपासाचा निष्कर्ष होता. कुंभारीण आपल्याकडेही तितकीच कष्टाळू आहे. बदलापूर-अंबरनाथच्या शेडमध्ये ती गिअरबॉक्सच्या ब्रीदरमध्ये, सोलेनॉइड व्हॉल्वच्या एक्झॉस्टमध्ये, काढून ठेवलेल्या एअरलाइनच्या उघड्या तोंडात मातीचा घट्ट बूच मारून जाते. कॉन्टॅक्टरमध्ये शिरून चिरडलेली पाल तर इलेक्ट्रिशियनच्या रोजच्या ओळखीची. डोंगर पोखरून उंदीर काढण्यापेक्षा केबल ट्रेमध्ये उंदीर आहे का, हे आधी बघावे. बऱ्याचदा तो तिथेच असतो. ‘प्रॉक्सी’ सेन्सरवर बसलेला बुरादा, ढिली टर्मिनल, चोक झालेला एअर फिल्टर, ताण गेलेला बेल्ट, कोणीतरी अर्धवट बंद केलेला व्हॉल्व, कारकुनी थाटात वाट अडवून बसलेला फ्यूज: या मंडळींवर कुठल्याच सेमिनारमध्ये व्याख्यान होत नाही.

हे टाळले का जाते, याचे एक उत्तर ब्रेकडाउन स्लिपवर सापडते. चार तास मशीन बंद, चाळीस माणसे बसून, आणि कारणाच्या रकान्यात ‘प्लग ढिला’ असे लिहायला हात धजत नाही. ‘कंट्रोल सर्किटमध्ये तात्पुरता बिघाड’ असे लिहिले की इज्जत राहते. बाहेरून व्हिजिट चार्ज भरून बोलावलेल्या इंजिनिअरलाही पाच मिनिटांत प्लग दाबून परत जाणे अवघड वाटते; मालकालाही ते पैसे बोचतात. म्हणून दोघेही काहीतरी खोलून, काहीतरी बदलून मोकळे होतात. मग खरे कारण कागदावर येतच नाही, आणि पुढच्या खेपेला कोणाला ते आठवायचे कसे?

दुसरे उत्तर आहे पायरीचे. साधी गोष्ट सर्वांत आधी दिसते ती मशीनजवळ सर्वांत जास्त वेळ उभ्या असलेल्या माणसाला, म्हणजे हेल्परला. आणि पॅनेलभोवतीच्या टोळक्यात बोलायचा हक्क सर्वांत कमी त्यालाच असतो. ८ जानेवारी १९८९ रोजी इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ पडलेल्या विमानात हीच गत झाली. डावे इंजिन बिघडले होते. कॅप्टनने प्रवाशांना सांगितले, की उजव्यात बिघाड आहे आणि ते बंद केले आहे. मागे बसलेल्या कित्येकांनी डाव्या बाजूच्या ठिणग्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. कोणी बोलले नाही. साहेबांना माहीत असणार! ४७ जण गेले. त्याआधी, २८ डिसेंबर १९७८ रोजी, पोर्टलंडवर युनायटेडचे विमान चाकाच्या बिघाडात गुंतून घिरट्या घालत राहिले आणि इंधन संपून खाली आले. सहकाऱ्यांनी इंधनाबद्दल सुचवले होते, पण अदबीने, आडून आडून. त्या अपघातानंतर विमान कंपन्यांनी कनिष्ठाने ठाम बोलावे आणि वरिष्ठाने ऐकावे यासाठी रीतसर प्रशिक्षण सुरू केले. आपल्याकडे या विषयाचे प्रशिक्षण ‘तू गप रे’ या तीन शब्दांत उरकते.

कोणी म्हणेल, हे लहान कारखान्यांचे दुखणे आहे. मोठ्या, शिकलेल्या लोकांत असे होत नाही. होते. सप्टेंबर २०११ मध्ये इटलीतल्या ऑपेरा प्रयोगाच्या शास्त्रज्ञांनी जाहीर केले, की सर्न प्रयोगशाळेतून सुमारे ७३० किलोमीटर जमिनीखालून आलेले न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोहोचले. आइन्स्टाइन चुकला की काय, यावर जगभर चर्चा झडली, शोधनिबंधांचा पाऊस पडला. पुढच्या फेब्रुवारीत मुख्य दोष सापडला: एक फायबर ऑप्टिक केबल जोडात नीट बसलेली नव्हती. त्या शास्त्रज्ञांची बाजू एवढीच, की त्यांनी महिनोन्‌महिने तपासणी केली होती आणि चूक सापडल्यावर ती स्वतःच जगाला सांगितली. ब्रेकडाउन स्लिपवर ‘प्लग ढिला’ लिहिण्याची ही सर्वांत प्रतिष्ठित नोंद म्हणायला हरकत नाही.

खरा आक्षेप वेगळा आहे आणि तो वजनदार आहे. साधे कारण शोधण्याचा नाद लागला, की माणूस पहिल्या साध्या उत्तरावरच थांबतो. केगवर्थच्या वैमानिकांनीही तेच केले: उजव्या इंजिनाचा जोर कमी केला, योगायोगाने धूर आणि थरथर कमी झाली, म्हणजे निदान बरोबर, असे त्यांनी धरले. कारखान्यात याचे रूप अधिक ओळखीचे आहे. ओव्हरलोड ट्रिप झाला, रीसेट दाबला, चालू झाले. पुन्हा ट्रिप, पुन्हा रीसेट. चौथ्यांदा मोटर जळते. गार्डचा लिमिट स्विच मशीन चालू देईना, तर त्याला जम्पर मारायचा, हेही ‘साधे’च उत्तर. आणि ज्या पट्ट्यात रासायनिक कारखाने खांद्याला खांदा लावून उभे आहेत, तिथे मारलेल्या जम्परची किंमत चार तासांच्या नुकसानीत मोजता येत नाही.

म्हणून साधी तपासणी आणि साधे उत्तर यांत फरक करावा लागतो. ओव्हरलोड ट्रिप झाल्यावर रीसेट दाबणे ही तपासणीच नव्हे. क्लॅम्प मीटर लावून तिन्ही फेजचा करंट पाहणे ही साधी तपासणी. ती दोन मिनिटांची आहे आणि ती सांगते की एक फेज कमी आहे, की तिन्हींवर सारखाच भार वाढला आहे. पहिल्या स्थितीत फ्यूज आणि जोड बघायचे, दुसऱ्या स्थितीत बेअरिंग किंवा पंपात अडकलेले काही. लिमिट स्विच मशीन अडवतो तेव्हा गार्ड पुरता बसला आहे का, हे हाताने दाबून बघणे ही साधी तपासणी. जम्पर मारणे म्हणजे साक्षीदारालाच गप्प करणे. साधी तपासणी आधी करायची ती साधेच कारण असणार या श्रद्धेपोटी नव्हे. ती स्वस्त आहे, आणि तिने काही सापडले नाही तरी पुढच्या शोधाचा परीघ आवळतो. मोटर योग्य दिशेने फिरते हे एकदा डोळ्यांनी पाहिले, की इम्पेलर खोलणाऱ्या फिटरचा दिवस वाया जात नाही. तो खात्रीने खोलतो.

मग चेकलिस्ट करा, असे सांगितले जाते, आणि हाही मार्ग विमानांकडूनच आलेला. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत डेटनजवळ बोइंगचे नवे बॉम्बर विमान उडाल्याबरोबर कोसळले. जमिनीवर उभे असताना वाऱ्याने शेपटीचे पंख हलू नयेत म्हणून लावलेला अडसर काढायचा राहिला होता. विमान चालवणारे नवशिके नव्हते, नावाजलेले चाचणी वैमानिक होते. त्यावर उपाय म्हणून उड्डाणापूर्वीची छापील यादी रुळली. हीच यादी शस्त्रक्रियागृहात नेली ती मूळच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या कुटुंबातले डॉ. अतुल गावंडे यांनी. २००९ साली आठ शहरांतल्या रुग्णालयांत त्यांच्या गटाने केलेल्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. पण पुढे २०१४ मध्ये कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या शंभरावर रुग्णालयांचा अभ्यास झाला, तिथे यादी सक्तीची होऊनही फारसा फरक दिसला नाही. यादी कागदावर होती. ती कोणी, कशी वाचली हा प्रश्न उरला. एमआयडीसीला ओंटारिओचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. ऑडिटच्या आदल्या संध्याकाळी एका पेनने, एका बैठकीत, महिन्याभराच्या ‘ओके’च्या खुणा करणारे हात इथेही आहेत.

तेव्हा वीस कलमी यादीपेक्षा पाच प्रश्न बरे, आणि तेही मशीनच्या अंगावर रंगवलेले: तिन्ही फेज आहेत का? दिशा बरोबर आहे का? हवा-पाणी-तेल पोहोचते आहे का? कुठले बटण, व्हॉल्व, गार्ड कोणी हलवले का? शेवटचे काम इथे कोणी केले आणि काय केले? शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा आणि सर्वांत नावडता, कारण त्यात नाव येते. पेरूमध्ये १९९६ साली एक विमान धुऊन झाल्यावर बाजूच्या छिद्रांवरची चिकटपट्टी काढायची राहिली, आणि ७० माणसे गेली. चिकटपट्टी लावणाऱ्याला शिक्षेची भीती नसती तर कदाचित त्याने कोणाला विचारले असते, कदाचित नसते; पण कारखान्यात ‘काल मी इथे टर्मिनल सोडली होती’ हे वाक्य मोकळेपणाने बोलता येईल, एवढी सोय मालकाने करायला कवडीही लागत नाही.

खंडेनवमीला आपण मशीन घासूनपुसून लख्ख करतो, तेव्हा बाण दिसतो, ढिला बोल्ट दिसतो, कुंभारणीचे घर दिसते. वैमानिक उड्डाणापूर्वी विमानाभोवती जी चक्कर मारतो ती याहून निराळी नाही. फक्त त्याची खंडेनवमी रोज असते. पाळीच्या सुरुवातीची तेवढी चक्कर ऑपरेटरने मारायची, तर त्यासाठी त्याला दहा मिनिटे मोजून द्यावी लागतील, आणि ती उत्पादनाच्या तक्त्यात दाखवावीही लागतील. इथे घोडे अडते, कारण चार तासांचा ब्रेकडाउन नशिबावर ढकलता येतो आणि दहा मिनिटांची चक्कर मात्र हिशेबात येते.

एक बदल अंबरनाथच्या आयटीआयपासूनच सुरू करता येईल. इलेक्ट्रिशियन किंवा फिटरच्या मुलांना प्रात्यक्षिकात बिघडलेले पॅनेल देतात तेव्हा त्यातल्या काही पॅनेलांत बिघाडच ठेवू नये. फक्त मागचा मेन स्विच बंद ठेवावा, किंवा इमर्जन्सी बटण दाबून ठेवावे. जो मुलगा स्क्रू-ड्रायव्हरला हात लावण्याआधी मागे वळून मेन स्विच बघेल, त्याला पैकीच्या पैकी गुण द्यावेत. आणि जो अर्ध्या तासात सगळे पॅनेल सुटे करून टेबलावर मांडेल, त्यालाही नापास करू नये. ते सगळे पुन्हा जोडून दाखव म्हणावे.